उजव्या कालव्याची नावं

सत्यभामा चिखलीत कम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर सहा मशीन आणि एक खडखडणारा प्रिंटर, एवढाच तो क्लास होता. मालक महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे दिवस किल्ली तिच्याकडेच असे. वय सव्वीस, राहणं आत्याकडे, आणि दर रविवारी पहिल्या एसटीनं सावरदाभ्याला, आपल्या गावी.

सन दोन हजारच्या पावसाळ्यानंतर गावच्या पाणी वापर संस्थेचे सचिव नारायणराव गुरुजी तिच्याकडे आले. गुरुजी शाळेतून निवृत्त झाल्यापासून संस्थेचं सगळं लिखाण तेच करत. तलावाला दोन कालवे, डावा आणि उजवा. दर कालव्यावरून शेतात पाणी नेणाऱ्या चाऱ्या. रब्बीत चार वेळा पाणी सुटायचं आणि प्रत्येक वेळी एकोणसाठ शेतकऱ्यांना चिठ्ठी जायची, तुमची पाळी अमुक वारी, अमुक वाजता, इतके तास. एकाचा अर्धा तास बदलला की पुढच्या सगळ्यांच्या वेळा बदलत. गुरुजींचे डोळे आता हे काम सोसत नव्हते.

सत्यभामानं ते काम पर्ल नावाच्या भाषेत केलं. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर तिला ती भाषा सापडली होती, आणि तिच्यावर तिचा जीव जडला होता. दोन साध्या फाइली केल्या, डाव्या कालव्याची एक, उजव्याची एक. एका ओळीत एक शेतकरी: नाव, गट नंबर, असलाच तर फोन नंबर, आणि शेवटी तास. एक चारी संपली की एक ओळ मोकळी. प्रोग्राम एकेक ओळ वाची, तास मिळवी आणि चिठ्ठी छापी, मराठीच पण इंग्रजी अक्षरांत. पहिल्या पाळीच्या चिठ्ठ्या छापून झाल्या तेव्हा गुरुजींनी त्या हातानं लिहिलेल्या यादीशी ताडून पाहिल्या. एकही चूक निघाली नाही. त्या दिवशी त्यांनी तिला घरी बोलावून गुळाचा चहा पाजला.

दुसऱ्या पाळीच्या आधी गुरुजींनी एक छोटी मागणी केली. चिठ्ठीच्या खाली दोनचार सूचना छापून येतील का? पाळी संपली की दार पूर्ण पाडून बंद करावं, चारी फोडू नये, अशा. सूचना बदलत राहतील, त्यामुळे त्यांची वेगळी फाइल असलेली बरी. सत्यभामा हो म्हणाली. अर्ध्या तासाचं काम होतं.

त्या भाषेत काही चल, म्हणजे किंमत साठवणाऱ्या जागा, आधीपासूनच असतात. ते आपण बनवायचे नसतात, त्यांना नावही आपण द्यायचं नसतं. डॉलरचं चिन्ह आणि पुढे एखादं विरामचिन्ह, एवढीच त्यांची ओळख. भाषेचा कारभार त्यांच्यावर चालतो. त्यातला एक डॉलर-स्लॅश. फाइल वाचताना एक नोंद कुठे संपली, हे तो सांगतो. एरवी तो म्हणतो, ओळ संपली की नोंद संपली. पण सूचना दोन-तीन ओळींच्या होत्या, आणि दोन सूचनांमध्ये मोकळी ओळ होती. म्हणून सत्यभामानं सूचना वाचणाऱ्या भागाच्या सुरुवातीला डॉलर-स्लॅश रिकामा केला. रिकामा केला की तो म्हणतो, मोकळी ओळ येईपर्यंत सगळी एकच नोंद. सूचना सुरेख वाचल्या गेल्या. तिनं पहिली दोन पानं पाहिली. नाव, वेळ, तास, खाली सूचना, सगळं जागच्या जागी होतं. ती दोन्ही पानं डाव्या कालव्याची होती.

गुरुजी त्या आठवड्यात बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला गेले होते. चिठ्ठ्यांचा गठ्ठा सत्यभामानं शुक्रवारी एसटीच्या कंडक्टरजवळ दिला, आणि तो पाटकरी उकंडरावांच्या हाती पडला. कालव्याची दारं उघडणं आणि पाडणं हे उकंडरावांचं काम. वीस वर्षं ते तेच करत आले होते. त्यांनी चिठ्ठ्या वाटल्या. डाव्या कालव्यावर एकतीस लोकांना मिळाल्या. उजव्या कालव्यावर अठ्ठावीसपैकी फक्त सहा जणांना. बाकीच्यांनी विचारलं तर उकंडराव म्हणाले, अजून एक गठ्ठा यायचा असेल.

तो गठ्ठा आला नाही. डाव्या कालव्याचं पाणी मंगळवारपर्यंत चाललं. उजवा कालवा बुधवारी सुरू झाला आणि गुरुवारी सकाळी सहावी चिठ्ठी संपली. तिच्यावर दार पाडण्याची वेळ छापलेली होती. उकंडरावांनी दार पाडलं.

शुक्रवारी सकाळी सत्यभामा मुलींना फोल्डर कसा बनवायचा ते दाखवत होती, तेव्हा जिना चढून तानुबाई वर आल्या. सावरदाभ्यात सत्यभामाच्या वडिलांच्या शेताला लागून त्यांचं पाऊण एकर होतं. त्यात मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि कांद्याचं रोप. नवरा तुळशीराम रोज भाजी घेऊन चिखलीच्या बाजारात बसायचा. तानुबाई कधी क्लासमध्ये आल्या नव्हत्या. त्यांनी चपला जिन्यात काढल्या, मशीनकडे पाहिलं नाही, सरळ तिच्याकडे पाहिलं.

"आमचं नाव काऊन काढलं, बाई?"

सत्यभामाला काही कळेना. तिनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग तानुबाईंनी सगळं सांगितलं, अगदी हळू आवाजात, मुली ऐकतील म्हणून. उजव्या कालव्यावर सहाच जणांना पाणी मिळालं होतं. त्या सहा जणांची नावंही त्यांनी सांगितली. प्रत्येक चारीवरचा पहिला शेतकरी. चारीवर पहिलं नाव नेहमी मोठ्या जमिनीवाल्याचं असे, कारण संस्था निघाली तेव्हा नावं तशीच लिहिली गेली होती. आणि तिसऱ्या चारीवर पहिलं नाव होतं उत्तमरावांचं. सत्यभामाच्या वडिलांचं.

"लोक म्हणून राह्यले, का पोरीनं बापाले ठेवलं अन् आमाले काढलं. मी म्हणलं, इचारून तं पाहू."

 सत्यभामानं सांगितलं की आपण कुणाचं नाव काढलेलं नाही, काय झालं ते आपल्यालाही माहीत नाही, पण आज संध्याकाळच्या आत शोधून काढू आणि उद्या सकाळी गावात येऊन सांगू. तानुबाईंनी मान हलवली. जाताना म्हणाल्या, मेथी जाईल तर जाऊ दे, कांद्याच्या रोपाला मात्र पाण्यावाचून आज पाचवा दिवस आहे.

दुपारची बॅच तिनं सोडून दिली आणि दार लावून बसली.

आधी तिनं उजव्या कालव्याची फाइल उघडली. आशा अशी होती की फाइलच खराब झाली असेल, नावं उडाली असतील. पण अठ्ठावीसच्या अठ्ठावीस नावं तिथं होती. तुळशीराम तिसऱ्या चारीवर चौथे. म्हणजे चूक फाइलीत नव्हती. मग तिनं प्रोग्रामला सांगितलं, वाचलेली प्रत्येक नोंद जशीच्या तशी कंसात घालून पडद्यावर दाखव. डाव्या कालव्यावर प्रत्येक कंसात एक ओळ आली. उजव्या कालव्यावर पहिल्याच कंसात पाच ओळी आल्या. पाच शेतकरी एका नोंदीत कोंबलेले. प्रोग्राम त्यातलं पहिलं नाव उचलत होता, पहिला गट नंबर, पहिले तास, आणि उरलेल्या चौघांना टाकून पुढे जात होता.

 मग ती प्रोग्राममध्ये वर गेली, सूचना वाचणाऱ्या भागापर्यंत. डॉलर-स्लॅश रिकामा करणारी ओळ तिथं होती. तो परत पहिल्यासारखा करणारी ओळ कुठेच नव्हती. डाव्या कालव्याची फाइल आधी वाचून झालेली होती, म्हणून ती बचावली. पहिली चिठ्ठी छापताना सूचना वाचल्या गेल्या, आणि त्यानंतर जे जे वाचलं ते सगळं मोकळ्या ओळीपर्यंत एक नोंद समजून वाचलं गेलं. हा चल त्या छोट्या भागाचा नव्हताच. तो सगळ्या प्रोग्रामचा होता. तिनं तो आपला समजून बदलला होता आणि तसाच ठेवून निघून आली होती.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती तिला जास्त लागली. ही भाषा अशा वेळी इशारा देते, पण इशारे चालू ठेवले तर. पहिल्या पाळीच्या वेळी इशारे चालू होते. कुणाचा फोन नंबर रिकामा असला की प्रत्येक वेळी एक ओळ येई, चाळीस-चाळीस ओळी. त्या काही कामाच्या नव्हत्या, म्हणून कंटाळून तिनं इशारे बंद करून टाकले होते. आता चालू करून पाहिले. फोन नंबरांच्या गर्दीत सहा ओळी वेगळ्या होत्या. तासांच्या जागी जे आलं आहे तो नुसता आकडा नाही, असं त्या सांगत होत्या. सहा चाऱ्या, सहा ओळी.

दुरुस्ती एका शब्दाची होती. डॉलर-स्लॅशच्या आधी लोकल लिहायचं. मग तो बदल तेवढ्या भागापुरता राहतो, आणि भाग संपला की भाषा स्वतः जुनी किंमत परत ठेवते, आपण विसरलो तरी. हे तिनं वाचलेलं होतं. मुलांना शिकवलंही असतं. तिनं शब्द लिहिला, प्रोग्राम चालवला, अठ्ठावीस चिठ्ठ्या मोजल्या. मग सगळा प्रोग्राम वरून खाली वाचला आणि असे आणखी दोन चल सापडले. एक, छापताना दोन शब्दांमध्ये काय घालायचं ते ठरवणारा. दुसरा, ज्याला काही नाव दिलेलं नाही अशी हातातली वस्तू धरून ठेवणारा. दोन्ही तिनं बिनधास्त वापरले होते. त्यांनी अजून काही बिघडवलं नव्हतं, एवढंच. पहिल्याला तिनं लोकल केलं. दुसऱ्याच्या जागी स्वतःचा, नाव दिलेला चल घातला. फोन नंबर रिकामा असेल तर काय करायचं ते नीट लिहिलं, म्हणजे इशारे चालू ठेवले तरी गर्दी होणार नाही.

शनिवारी सकाळी ती पहिल्या गाडीनं सावरदाभ्याला पोचली. घरी गेली तेव्हा उत्तमराव ओट्यावर बसले होते. तिनं काय झालं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि एवढंच विचारलं की हे लोकांना तू सांगणार की मी. ती म्हणाली, मीच.

शाळेशेजारच्या संस्थेच्या खोलीपुढे वीसेक माणसं जमली होती. गुरुजी आदल्या दिवशीच अकोल्याहून आले होते. त्यांनीच निरोप फिरवला होता, आणि बोलायला सुरुवातही त्यांनीच केली. त्यांना तिला वाचवायचं होतं, हे तिच्या लक्षात आलं. ते म्हणत होते, मशीन आहे, मशीनकडून चूक होते, नवीन गोष्ट आहे, आपण समजून घेतलं पाहिजे. उकंडरावही लगेच म्हणाले की हाव, कम्प्युटरच बिघडला असेल. लोक ऐकत होते. थोडा वेळ तिला वाटलं की गप्प राहिलं तर हे असंच निभावून जाईल.

मग भाऊराव बोलले. पाचव्या चारीवर त्यांचा दीड एकर हरभरा होता आणि त्यांना चिठ्ठी मिळाली नव्हती.

"कम्प्युटर बिघडला, मंग बरोब्बर मोठ्याइचेच नावं कसे राह्यले? तिच्या बापाचंबी राह्यलं."

सत्यभामा उभी राहिली.

"कम्प्युटर नाही बिघडला," ती म्हणाली. "मी चुकली."

आणि तिनं सांगितलं. सूचना छापण्यासाठी आपण वाचण्याची एक रीत बदलली, ती परत पहिल्यासारखी केली नाही, त्यामुळे मशीननं अख्खी चारी एक माणूस समजून वाचली आणि पहिलं नाव घेतलं. पहिली नावं मोठ्या शेतकऱ्यांची आहेत ती यादी तशी लिहिलेली आहे म्हणून, मशीनला मोठा-लहान कळत नाही. डाव्या कालव्याची दोन पानं पाहून आपण उजव्याची पाहिली नाहीत, हीही चूकच. तिनं बरोबर आणलेले कागद दाखवले, जुना आणि नवा. इंग्रजी अक्षरांतली नावं किती जणांना वाचता आली कोण जाणे, पण कागद हातोहात फिरले.

 मग तानुबाई मागून म्हणाल्या, "म्हणजे आपल्यापुरतं पाणी घेतलं अन् दार न पाडताच निघून गेली तू."

"हाव, काकू. तसंच."

लोकांना हे चटकन कळलं. दार उघडं ठेवून गेलेल्या माणसाला सावरदाभ्यात सगळे ओळखत. दर पाळीला एक तरी असायचाच. भाऊरावांचा आवाज उतरला, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं, आणि ते खरंही होतं. हरभरा समजुतीनं भिजत नाही.

तेव्हा उत्तमराव बोलले. बोलण्याची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे खाली पाहून बोलले. बुधवारी आपलं शेत भिजवताना तानुबाईंचा वाफा कोरडा आहे हे आपण पाहिलं होतं, त्यांची पाळी मागून असेल असं समजलो. "पाह्यलं होतं, पण इचारलं नाही," ते म्हणाले. "पोरीची एक चूक, तं माही अर्धी." उकंडरावांनी हे ऐकलं आणि टोपी काढून हातात धरली. सहाच चिठ्ठ्या पाहून आपल्यालाही शंका आली होती, ते म्हणाले, पण छापील कागद होता, त्याला काय विचारायचं.

पुढचं काम गुरुजींनी हाती घेतलं. उजव्या कालव्याचं तीन दिवसांचं पाणी तलावातच शिल्लक होतं, कारण ते कुणी घेतलंच नव्हतं. पाटबंधारेच्या शाखा कार्यालयातून परवानगी मिळाली तर तेवढं पुन्हा सोडता येणार होतं. अर्ज तिथंच लिहिला गेला. चूक कुणाची, या ठिकाणी गुरुजींची लेखणी थांबली, तेव्हा सत्यभामानं आपलं नाव घालायला सांगितलं. गुरुजींनी ते घातलं नाही. "संस्थेची चूक" असं लिहिलं, आणि खाली पहिली सही स्वतःची केली.

परवानगी सोमवारी मिळाली आणि मंगळवारी सकाळी दार उघडलं. सत्यभामानं रजा घेतली होती. बावीस चिठ्ठ्या तिनं स्वतः वाटल्या, उकंडरावांच्या सायकलमागे चालत. भाऊरावांचा हरभरा थोडा सुकला होता, पण पाणी मिळाल्यावर त्यानं मान वर काढली. तानुबाईंची मेथी वाचली. कांद्याचं रोप मात्र निम्मं गेलं. वाफ्याच्या एका बाजूला हिरवे दोरे उभे होते आणि दुसऱ्या बाजूला पिवळे, जमिनीला चिकटलेले.  सत्यभामानं विचारलं तेव्हा तानुबाई म्हणाल्या की रोप आहे, जातं कधीकधी. हे ऐकणं रागावलेलं ऐकण्यापेक्षा तिला कठीण गेलं.

दोन दिवसांनी उत्तमरावांनी आपल्या वाफ्यातलं निम्मं रोप उपटून टोपलीत भरलं आणि बांधावरून पलीकडे नेऊन ठेवलं. तानुबाईंनी आधी नको म्हटलं. मग ते लावायला घेतलं, आणि लावायला माणूस कमी आहे म्हणून सत्यभामाच्या आईला बोलावून घेतलं. त्या रविवारी सत्यभामाही त्यांच्यात होती. चिखलात बसून दिवसभर ती रोप लावत होती, आणि तिच्या रांगा वाकड्या येतात म्हणून दोघी तिला हसत होत्या.

तिसऱ्या पाळीच्या आधी तिनं प्रोग्राममध्ये एक गोष्ट वाढवली. दोन्ही फाइलींतली नावं तो आधी स्वतंत्रपणे मोजी, आणि छापलेल्या चिठ्ठ्यांचा आकडा त्याच्याशी जुळला नाही तर पाळीची यादी पक्की करायला नकार देई. प्रत्येक चारीच्या शेवटच्या चिठ्ठीवर आकडा येई: या चारीवर शेतकरी इतके. ही कल्पना तानुबाईंची होती. त्यांना आकडे वाचता येत, आणि त्यांनी सांगितलं होतं की नावं इंग्रजीत छापतेस तर छाप, पण किती माणसं आहेत ते आम्हाला दिसू दे. गठ्ठा उकंडरावांच्या हाती आला की ते आधी मोजत. पाच जुळले की पुढच्या चारीचा गठ्ठा सोडत. एकदा त्यांनी एका चिठ्ठीसाठी दुकानातून फोन केला. ती चिठ्ठी दुसरीला चिकटलेली निघाली. तरीही सत्यभामानं त्यांचे आभार मानले, आणि त्यांना ते मनापासून आवडलं.

मार्चमध्ये लोणार तालुक्यातून, सुलतानपूरकडच्या एका गावातून दोन माणसं क्लासवर आली. त्यांचीही पाणी वापर संस्था होती आणि गुरुजींनी त्यांना इकडे पाठवलं होतं. प्रोग्रामची फ्लॉपी मिळेल का, असं त्यांनी विचारलं. सत्यभामानं फ्लॉपी दिली. मग त्यांना मशीनसमोर बसवलं आणि प्रोग्राममधली ती तीन ठिकाणं दाखवली. कुठला चल सगळ्यांचा आहे, त्याला हात लावायचा तर लोकल लिहूनच का लावायचा, आणि इशारे कधीही बंद का करायचे नाहीत, हे सांगितलं. त्यांच्यातला एक वहीत उतरवून घेत होता. दुसऱ्यानं विचारलं की एवढं कशाला, चाललंय तर चालू द्यावं.

तिनं त्याला उजव्या कालव्याचं सगळं सांगितलं, आपलं नाव न वगळता. मग त्यांच्या गावात पहिली पाळी कोणत्या तारखेला आहे ते विचारलं, आणि त्या दिवशीची सुलतानपूरची एसटी किती वाजता सुटते ते खाली बस स्टँडवर जाऊन पाहून आली.